मुख्याध्यापकाला कोणी शिकवले?

महाराष्ट्रातल्या अनुदानित खाजगी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होण्यासाठी काय लागते, याचे उत्तर १९८१च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावलीच्या तिसऱ्या नियमात मिळते. पदवी हवी, अध्यापनातली पदवी हवी, एकूण पाच वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव हवा आणि त्यातली निदान दोन वर्षे बी.एड. झाल्यानंतरची हवीत. या अटी पुऱ्या करणाऱ्यांत जो सेवेने सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याच्या सेवेचा अभिलेख समाधानकारक, त्याला संस्थेने मुख्याध्यापक नेमायचे. शाळा चालवणे हे शिकवण्याहून वेगळे काम आहे आणि त्याचाही काही अभ्यास असू शकतो, याची चाहूल या नियमात कुठेच लागत नाही. गंमत अशी की तो अभ्यास महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. मुंबई विद्यापीठाची एम.एड. १९३६ पासूनची. शैक्षणिक प्रशासन हा विषय अध्यापक महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर शालेय व्यवस्थापनाची पदविका घरबसल्या शिक्षकांपर्यंत नेली. म्हणजे अभ्यास होता आणि खुर्चीही होती, पण दोघांची गाठ पडली नाही. याचा दोष कोणी सरकारी अनास्थेला देतो, कोणी संघटनांच्या ज्येष्ठतेच्या आग्रहाला, तर कोणी मुख्याध्यापकांच्या आळसाला. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर कारण वेगळेच दिसते. शाळेच्या प्रशासनाचा अभ्यास नेहमी निर्णयाच्या अधिकारामागे चालत आला आहे. जिथे निर्णय होतो तिथे तो जातो. आपल्याकडे निर्णय मुख्याध्यापकाच्या टेबलावर कधी फारसा झालाच नाही, म्हणून अभ्यासही तिथवर आला नाही.

या गोष्टीची सुरुवात १८५४च्या वुडच्या खलित्यापासून होते. त्याआधी मुंबई इलाख्यातल्या सरकारी शाळांचा कारभार १८४०पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन पाहत असे. खलित्यानंतर, १८५५मध्ये, बोर्डाच्या जागी शिक्षण खाते आले. वर डायरेक्टर, त्याखाली इन्स्पेक्टर, त्याखाली डेप्युटी इन्स्पेक्टर आणि सर्वांत शेवटी शाळा, अशी ती उतरंड होती. तिच्यात शाळाप्रमुखाचे स्थान काय हे नीट पाहायला हवे. त्याला वर्ग चालवायचा होता, हजेरी ठेवायची होती आणि डेप्युटी आले की मुले उभी करून दाखवायची होती. शाळा कुठे उघडायची, कोणते पुस्तक लावायचे, कोणाला नेमायचे, कोणाची बदली करायची, हे सगळे त्याच्या डोक्यावरून ठरे. अध्यापकांसाठी पुण्याला ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा पंडित त्याच्या प्रमुखपदी बसला, ही मोठीच गोष्ट होती. पण तिथे घडत होता तो वर्गात शिकवणारा पंतोजी. शाळेचा प्रमुख घडवण्याचा विचार त्या योजनेत नव्हता, कारण योजनेच्या दृष्टीने प्रमुख शाळेत नव्हताच, तो तालुक्याच्या ठिकाणी राहत होता आणि घोड्यावरून येत होता.

अनुदानाच्या पद्धतीने ही रचना आणखी घट्ट केली. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची रीत आली. इन्स्पेक्टरने मुलांची परीक्षा घ्यायची, किती मुले कोणत्या विषयात उतरली हे मोजायचे आणि त्यावर शाळेचे पैसे ठरवायचे. कर्झनच्या १९०४च्या शिक्षणविषयक ठरावानंतर ही रीत मागे पडली. पण तोवर एका पिढीहून जास्त काळ शाळाप्रमुखाचे मुख्य कौशल्य म्हणजे तपासणीच्या दिवशी शाळा उजळून दाखवणे, हा अर्थ मुरला होता. पुढे पद्धत गेली तरी तिची कागदपत्रे राहिली. जनरल रजिस्टर, शेरेबुक, लॉगबुक, हजेरीपट यांचा चोखपणा हे चांगल्या शाळेचे लक्षण ठरले. ज्या कामासाठी माणसाला जबाबदार धरले जाते तेच काम तो शिकतो. आपल्या मुख्याध्यापकांनी नोंदींची कला आत्मसात केली, कारण त्यांना जाब नोंदींचाच विचारला जाई.

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. इन्स्पेक्टरच्या हाती एकवटलेला अधिकार वाईटच होता असे धरून चालणे सोपे आहे, पण त्या काळातली सर्वांत जागरूक बहुजन नजर तसे मानत नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळांवरची देखरेख अपुरी आणि सदोष असल्याची त्यांची तक्रार होती. डेप्युटीची वर्षातून एकदा होणारी भेट काही कामाची नाही, शाळा निदान तीन महिन्यांतून एकदा तपासल्या जाव्यात आणि कधीमधी न कळवताही भेट द्यावी, अशी त्यांची मागणी होती. फुल्यांना तपासणी जास्त हवी होती, कमी नव्हे. शाळेतला शिक्षक बहुतेक ब्राह्मण, शेतकऱ्याच्या मुलांविषयी बेपर्वा, आणि गावात त्याला विचारणारे कोणी नाही, हा त्यांचा अनुभव होता. शेतकरी वर्गातूनच शिक्षक तयार करावेत, असेही त्यांनी सुचवले ते याचसाठी. तेव्हा मुख्याध्यापकावरचा अविश्वास हा नुसता वसाहती सत्तेचा अहंकार नव्हता. त्याला सामाजिक न्यायाची एक बाजू होती आणि ती आजही विसरता येत नाही. मात्र फुल्यांच्या मागणीतही एक गोष्ट ध्यानात येते. त्यांना तपासणी हवी होती ती मुले शिकतात की नाही हे पाहण्यासाठी. खात्याने तपासणी ठेवली आणि वाढवली, पण तिचा रोख कागदाकडे वळवला.

अधिकाऱ्यांच्या बाजूला तरी प्रशासनाचा अभ्यास होता का? फारसा नव्हता. १८९६मध्ये शिक्षण खात्याच्या नोकऱ्यांची फेररचना झाली आणि इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस उभी राहिली. तिची भरती विलायतेत होई, आणि प्रांतिक सेवेत हिंदी माणसे दुय्यम जागांवर राहत. या साहेबांनी पदव्या घेतल्या होत्या त्या अभिजात भाषांच्या, गणिताच्या, इतिहासाच्या. शाळांचे जाळे कसे चालवायचे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, ते नोकरीत शिकत. पुढे लोकनियुक्त मंत्र्यांकडे शिक्षण गेले, १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या, आणि विलायतेतली भरतीही लवकरच थांबली. १९२९मध्ये हार्टॉग समितीने निदान केले ते असे की विस्तार झाला पण शाळांत मुले टिकत नाहीत, आणि तपासणी यंत्रणा दुबळी झाली आहे. उपाय म्हणून समितीने तपासणी यंत्रणा बळकट करायला सांगितले. शाळेत घोटाळा दिसला की शाळेबाहेरचा माणूस वाढवायचा, हा विचार तेव्हापासून इतका स्वाभाविक होऊन बसला की शाळेतल्या माणसाला वाढवावे हा पर्याय चर्चेत यायला अनेक दशके गेली.

याच काळात महाराष्ट्रात दुसराही एक प्रवाह वाहत होता, आणि माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत दमदार पुरावा म्हणून तोच पुढे केला जाईल. १८८०मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. वामन शिवराम आपटे यांच्यासारख्या माणसाने ती शाळा अल्पावधीत इलाख्यातल्या नावाजलेल्या शाळांच्या पंक्तीत नेली. पुढे भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांत शाळा उभ्या केल्या. यांतल्या कोणाजवळ शैक्षणिक प्रशासनाची पदवी होती? कोणाजवळच नव्हती. मग पदवीची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. पण या संस्थांचा कारभार जरा जवळून पाहिला तर उत्तर सापडते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शाळा आणि कॉलेज चालवणारे शिक्षकच आजीव सदस्य होते. तुटपुंज्या पगारावर वीस वर्षे सेवा देण्याचे बंधन गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुरे केले ते याच व्यवस्थेत. पैसा कसा खर्च करायचा, कोणाला नेमायचे, सदस्यांनी बाहेर कमाई करावी की नाही, हे प्रश्न ते आपसांत भांडून सोडवत. १८९०मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, त्यामागचा वाद बराचसा याच प्रश्नांवरचा होता. टिळकांना जेझुइटांसारखा त्याग आणि संस्थेवरची अनन्य निष्ठा हवी होती, इतरांना ती अट तशी मान्य नव्हती. आज या वादाकडे आपण टिळक-आगरकर वैराचा एक अध्याय म्हणून पाहतो. खरे तर शाळेची सत्ता कोणाची, शिक्षकांच्या मंडळाने एकमेकांना कसे बांधून घ्यायचे, संस्थेचा पैसा आणि माणसाचे जगणे यांचा मेळ कसा घालायचा, याविषयी मराठी माणसांनी केलेला तो शालेय व्यवस्थापनाचा अस्सल अभ्यास होता. तो झाला, कारण निर्णय त्यांच्या हातात होते. म्हणजे हा पुरावा माझ्या विरोधात जात नाही. अधिकार असला की माणसे शिकतात, वर्गात बसून नाही तर वाद घालून शिकतात, एवढेच तो सांगतो. दुःख याचे की या वादांतून एखादी विद्याशाखा जन्माला आली नाही. ते शहाणपण त्या त्या संस्थेच्या इतिवृत्तांत आणि थोरांच्या चरित्रांत बंद राहिले.

विद्यापीठीय अभ्यास आला तो वेगळ्या दाराने. १९०६मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि माध्यमिक शिक्षकांचे पदवीनंतरचे प्रशिक्षण सुरू झाले. तीस वर्षांनी एम.एड. आली. देशातल्या अशा अगदी पहिल्या पदव्यांत ती गणली जाते. तिच्या अभ्यासात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, इतिहास यांच्या जोडीला प्रशासनही आले. पण ही पदवी घेऊन जायचे कुठे? पुढच्या काळात एम.एड.चा खरा उपयोग झाला तो बी.एड. कॉलेजात अध्यापक होण्यासाठी. शाळेच्या मुख्याध्यापकाने ती घेतली तर ते त्याच्या हौसेचे काम. मराठी माणसाने या क्षेत्रात केलेले सर्वांत मोठे काम जे. पी. नाईकांचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या माणसाने १९४८मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन स्थापन केली, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे करण्यात हात दिला आणि १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिला. सैयद नुरुल्ला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास आजही अभ्यासक उघडतात. नाईकांना प्रशासनाचे महत्त्व पुरेपूर कळले होते. पण त्यांची नजर जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंतच्या नियोजनावर होती, आणि स्वातंत्र्योत्तर काळाची एकूण वृत्तीच तशी होती.

दिल्लीतल्या घडामोडी हा या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा आहे. १९६२मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत आशियातल्या शैक्षणिक नियोजक, प्रशासक आणि पर्यवेक्षकांसाठी एक प्रादेशिक केंद्र निघाले. पुढे ते आशियाई संस्था झाले, मग भारत सरकारने ते हाती घेतले आणि त्याचे नॅशनल स्टाफ कॉलेज झाले. १९७९मध्ये त्याला नीपा हे नाव मिळाले आणि २००६मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांसाठी पदविका, परदेशी अधिकाऱ्यांसाठी पदविका, नियोजनाचे आकडेशास्त्र, अंदाजपत्रक, सर्वेक्षणे, असे भरीव काम तिथे झाले. आणि शाळेच्या नेतृत्वासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र याच संस्थेत कधी निघाले? २०१२मध्ये. अधिकाऱ्याच्या शिक्षणाची सोय आणि मुख्याध्यापकाच्या शिक्षणाची सोय यांच्यात बरोबर पन्नास वर्षांचे अंतर पडले. याला कोणाचा कट म्हणता येणार नाही. पंचवार्षिक योजनांच्या काळात शाळा किती, खोल्या किती, शिक्षक किती हे ठरवणारी माणसे जिल्ह्याला आणि राजधानीला बसत होती, म्हणून अभ्यासही तिकडेच गेला.

आयोगांना हे दिसत नव्हते असे नाही. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य असावा आणि मंडळाच्या सदस्यांनी शाळेच्या अंतर्गत कारभारात हात घालू नये, अशी शिफारस केली. कोठारी आयोगाने प्रशासन आणि शैक्षणिक पर्यवेक्षण ही दोन कामे वेगळी करायला सांगितले, जवळपासच्या शाळांचे संकुल करून निर्णय खाली आणण्याची कल्पना मांडली. पण महाराष्ट्रात साठच्या दशकापासून जे घडत होते त्याचा वेग या शिफारशींपेक्षा मोठा होता. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या. गावोगावी माध्यमिक शाळा निघाल्या, त्या काढणाऱ्या संस्थांत सेवाभावी मंडळी होती तशीच स्थानिक राजकारणातलीही होती. शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून, पण नेमणूक संस्थाचालकाच्या मर्जीवर, अशी विचित्र स्थिती आली. उन्हाळ्याच्या सुटीआधी शिक्षकाला काढायचे आणि जूनमध्ये नवा घ्यायचा, नातलगाला वरच्या जागी बसवायचे, मतभेद झाला की निलंबित करायचे, असे प्रकार शिक्षकांच्या आंदोलनांचे विषय झाले. याला उत्तर म्हणून १९७७चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आला आणि १९८१मध्ये नियमावलीसह अमलात आला.

हा कायदा वाचताना त्याचे दोन हेतू वेगळे करून पाहायला हवेत. एक हेतू शिक्षकाला संरक्षण देण्याचा. त्यासाठी शाळा न्यायाधिकरणे आली आणि बढतीत डावलल्याबद्दलही तिथे अपील करण्याची सोय झाली. मुख्याध्यापकपदासाठी सेवाज्येष्ठता अनिवार्य झाली ती याच संरक्षणाचा भाग म्हणून. एम.ए. बी.एड. आणि बी.ए. बी.एड. असे दोघेही ज्येष्ठतेच्या एकाच प्रवर्गात आले, म्हणजे जास्तीच्या पदवीने रांग मोडता येणार नव्हती. अल्पसंख्याक संस्थांना प्रमुख निवडण्याची मोकळीक राहिली, बाकीच्यांना यादी पाळणे भाग पडले. दुसरा हेतू फारसा कोणी मांडला नाही, पण त्याचा परिणाम मोठा झाला. मुख्याध्यापक हा शाळा समितीचा पदसिद्ध सचिव झाला. समितीत संस्थेचे चार प्रतिनिधी, शिक्षकांचा एक आणि हा सचिव. म्हणजे निर्णय लिहून घेण्याचे काम त्याचे, घेण्याचे नव्हे. वर शिक्षणाधिकारी मान्यता देणार, संच मान्यता ठरवणार, वेतनेतर अनुदान अडवणार किंवा सोडणार. कायद्याने खुर्चीवर कोण बसणार हे मर्जीतून सोडवले, पण खुर्चीत काय करता येईल हे जवळपास शून्यावर आणले.

ज्येष्ठतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. ते म्हणतात, गुणवत्तेवर निवड करायची तर ती करणार कोण? संस्थाचालक करणार असेल तर ‘गुणवत्ता’ हे नाव घेऊन पुन्हा जात, नाते आणि देणगी यांचाच खेळ सुरू होईल. ज्येष्ठता आंधळी आहे, पण निदान ती सर्वांना सारखीच आंधळी आहे. हे मला पटते. ज्या समाजात निवडणाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही तिथे यंत्रवत नियम हा कमकुवताचा आधार असतो, आणि हा नियम उठवा असे म्हणणाऱ्याने आधी पर्यायी निवडमंडळ कोणते हे सांगावे. पण हा युक्तिवाद फक्त निवडीपुरता खरा आहे. ज्येष्ठतेने निवडलेल्या मुख्याध्यापकाला निवडीनंतर वर्षभराचा सक्तीचा, सेवेतलाच अभ्यास द्यायला ज्येष्ठतेचा कोणताही नियम आड येत नव्हता. ज्येष्ठ शिक्षकाला शाळेच्या पैशाचा, वेळापत्रकाचा आणि सहकाऱ्यांच्या शिकण्याचा निर्णय घेऊ द्यायलाही तो आड येत नव्हता. हे झाले नाही, कारण त्या मुख्याध्यापकाकडून त्याची अपेक्षाच नव्हती. ज्येष्ठतेवर फोडले जाणारे खापर खरे तर अधिकाराच्या अभावाचे आहे.

अभ्यास अधिकाराच्या मागे जातो, हे फक्त महाराष्ट्रापुरते खरे आहे का, हे तपासायला दोन परदेशी उदाहरणे पुरेशी आहेत. अमेरिकेत शाळांचा कारभार लोकनियुक्त मंडळे नेमतील त्या सुपरिंटेंडेंटच्या हाती होता. त्याची नोकरी डळमळीत, पण अधिकार मोठा. या अभ्यासाने तिथे आधी बाळसे धरले ते त्याच्यासाठी. एलवुड कबरली आणि जॉर्ज स्ट्रेयर यांनी १९०५मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजातून डॉक्टरेट घेतली आणि पुढे स्टॅनफर्ड व टीचर्स कॉलेज ही सुपरिंटेंडेंट घडवण्याची केंद्रे झाली. मुख्याध्यापकासाठीच्या पदव्या बऱ्याच नंतर फोफावल्या. इंग्लंडमध्ये क्रम आणखी स्पष्ट आहे. १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळेच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग स्थानिक प्राधिकरणांकडून शाळांकडे सोपवला. मुख्याध्यापकाला एकाएकी हिशेब, नेमणुका, दुरुस्त्या यांचा भार आला, आणि त्यानंतरच १९९७मध्ये मुख्याध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता व २०००मध्ये शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय महाविद्यालय आले. आधी अधिकार, मग अभ्यास, हाच तिथला क्रम.

याच उदाहरणांतून माझ्या म्हणण्यावरचा उलटा आक्षेपही निघतो. अमेरिकेत अधिकार होता, पदवीही होती, मग शाळा सुधारल्या का? रेमंड कॅलहन यांनी १९६२च्या आपल्या ग्रंथात दाखवले की विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हे प्रशासक उद्योगपतींच्या टीकेला घाबरून कारखान्याची मोजमापे शाळेत घेऊन आले. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनचे सुपरिंटेंडेंट फ्रँक स्पॉल्डिंग यांनी १९१३मध्ये ग्रीक आणि फ्रेंच यांच्या तासांची किंमत डॉलरच्या हिशेबाने मांडून दाखवली आणि स्वस्तात काय पडते यावर विषयांचे मोल ठरू लागले. पुढे २००५मध्ये खुद्द टीचर्स कॉलेजचे प्रमुख आर्थर लेव्हिन यांनी या पदव्यांवर कठोर अहवाल लिहिला. अनेक शिक्षक या पदव्या घेतात त्या शाळा चालवण्यासाठी नव्हे तर पगारवाढीसाठी, आणि विद्यापीठे त्या विकतात ती उत्पन्नासाठी, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. इंग्लंडनेही २००९मध्ये सक्तीची केलेली पात्रता २०१२मध्ये ऐच्छिक करून टाकली. तेव्हा अधिकार आला की अभ्यास येतो हे खरे, पण चांगला अभ्यास येतोच असे नाही. अधिकार कशाबद्दल आणि कोणाला उत्तरदायी, यावर अभ्यासाचा रंग ठरतो. अमेरिकेत तो करदात्याला आणि वर्तमानपत्राला उत्तरदायी होता, म्हणून अभ्यास खर्चाचा झाला. मुलाच्या शिकण्याला उत्तरदायी असता तर तो शिकण्याचा झाला असता.

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात आणि देशात झालेले बदल या कसोटीवर घासून पाहिले की चित्र दुहेरी दिसते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने दीडशेहून जास्त मुलांच्या प्राथमिक शाळेला आणि शंभरहून जास्त मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक दिला. म्हणजे खेड्यातल्या असंख्य लहान शाळांत प्रमुखपद हे शिकवता शिकवता सांभाळायचे काम राहिले. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना तीन-चतुर्थांश पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती दिली. फुल्यांना हवा असलेला, मुलांच्या बाजूने विचारणारा कोणीतरी इथे पहिल्यांदा शाळेच्या आत आला असे म्हणता येईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांनी दरवर्षी निदान पन्नास तासांचे व्यावसायिक शिक्षण घ्यावे आणि त्यात नेतृत्व व व्यवस्थापन असावे, असे म्हटले. पण त्याच काळात खुर्चीचा अधिकार आणखी आटला. पगार शालार्थ प्रणालीतून, विद्यार्थ्यांची माहिती सरल आणि यू-डायसवर, शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून. यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय आहे, भरतीतला भ्रष्टाचार रोखण्यासाठी तर आवश्यकच. एकत्रितपणे त्यांनी मुख्याध्यापकाला पूर्वीच्या रजिस्टरांच्या जागी संगणकाच्या पडद्यासमोर बसवले, एवढेच. अशा माणसाला पन्नास तास परिवर्तनशील नेतृत्वाचे सिद्धान्त ऐकवले तर तो प्रमाणपत्र घेईल आणि दुसऱ्या दिवशी पोषण आहाराची माहिती भरायला बसेल. त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रम आणखी काढावेत, एम.एड.मध्ये नेतृत्वाचे पेपर वाढवावेत, पदवीधरांना मुख्याध्यापकपदासाठी प्राधान्य द्यावे, या सूचना ऐकायला चांगल्या असल्या तरी इतिहासाच्या उलट्या दिशेने जाणाऱ्या आहेत. पदवी आधी आणि अधिकार नंतर असा क्रम कुठे फळाला आल्याचे दिसत नाही, आणि नुसती पदवी सक्तीची केली तर तिचे दुकान होते, हे अमेरिकेने दाखवले आहे. करायचेच तर क्रम उलटा हवा. शाळेला वर्षाकाठी काही रक्कम स्वतःच्या निर्णयाने खर्चू द्यावी. वेळापत्रक, वर्गांची वाटणी आणि शिक्षकांच्या आपसातल्या निरीक्षणाची पद्धत शाळेने ठरवावी. त्याचा जाब कागदावर नव्हे तर मुलांच्या वाचण्या-लिहिण्यावर, शाळा व्यवस्थापन समितीपुढे द्यावा. ज्येष्ठतेने आलेला मुख्याध्यापक जरी असला तरी ही जबाबदारी आल्यावर त्याला अभ्यासाची गरज वाटेल, आणि विद्यापीठांना तो अभ्यास त्याच्या प्रश्नांतून घडवावा लागेल. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी शाळेचा कारभार आपल्या अंगावर घेतला म्हणून ते त्याविषयी इतक्या गांभीर्याने भांडले. आजच्या मुख्याध्यापकाकडून विद्येची अपेक्षा करणाऱ्यांनी त्याच्याकडे आधी भांडण्यासारखे काहीतरी सोपवले पाहिजे.